विषय क्रमांक चार

लष्कर, दौलतगंज. जानेवारीची एकोणीस, रविवार.
हॉलमध्ये इतकी थंडी, की पेन आधी मुठीत धरून
मग उघडावं लागलं.
हजर सभासद एकसष्ट. सह्या त्रेसष्ट.
हे मी मोजलं. लिहिलं नाही.

विषय क्रमांक चार:
माजी अध्यक्षांवर पतसंस्थेला खटला भरता येतो का.

श्री. दत्तोपंत खासगीवाले स्वतः आले नव्हते.
त्यांच्या वतीने वकील मुजुमदार उभे राहिले,
मफलर न सोडता.
उपविधी सत्तावीस वाचा, म्हणाले,
चौकशी आहे ती अध्यक्षाला पदावरून दूर करण्यासाठी.
बारा डिसेंबरला राजीनामा, तेराला मंजूर.
आता पदच नाही, तर दूर कशावरून करणार?
ज्याच्या अंगात अंगरखा नाही
त्याचा अंगरखा फाडायला जमलात तुम्ही.
ते आता खासगी गृहस्थ आहेत.
मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, ते जन्मापासूनच.
हशा झाला.
हशा इतिवृत्तात घेत नाहीत.

उद्या इथल्या हिंदी पेपरात त्यांना पूर्व अध्यक्ष म्हणतील.
पूर्व, म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू.
आपल्याकडे माजी.
मला दोन्ही शब्द दाराबाहेर काढलेल्या जोड्यांसारखे वाटतात.
माणूस आत गेलाय,
एवढंच त्यांच्यावरून कळतं.

भिंतीवर अकरा तसबिरी. बारावा खिळा
नोव्हेंबरातच ठोकून ठेवलेला.
सराफ्यातल्या फ्रेमवाल्याचं बिल आलंय, नऊशे चाळीस, सागवानी,
आणि फोटो त्याच्या दुकानात
तोंड भिंतीकडे करून उभा.
त्याचं आधी ठरवा, असा एक मुद्दा निघाला.
लावला तर ते आपले.
नाही लावला, तर मग ते अध्यक्ष होते कधी?

सुमतीबाई फणसे उठल्या. गुडघ्यांना वेळ लागला.
यजमानांची मिल बंद झाली तेव्हाचे पैसे,
एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
विचारलं, मी दिले ते माणसाला की खुर्चीला?
मुजुमदार म्हणाले, कायद्याने खुर्चीला.
मग ती खुर्ची मी घरी नेते, म्हणाल्या,
आणि खरंच एक हात
तिच्या पाठीवर ठेवून उभ्या राहिल्या,
चहा येईपर्यंत.

मतं: बाजूने अठ्ठावीस, विरुद्ध अठ्ठावीस,
पाच जण चहाचं बघायला गेलेले.
निर्णायक मत नव्या अध्यक्षांचं.
ते भिंतीकडे बघत राहिले,
बाराव्या खिळ्याच्या पुढे
जिथे अजून काहीच ठोकलेलं नाही तिथे.
विषय पुढील सभेकडे.

एकोणीस वर्षं मी हे लिहिते आहे.
गुन्हा पायी पायी कचेरीपर्यंत येतो
तोवर तो कधीच माजी झालेला असतो.
चालू होता तेव्हा
आम्ही सगळे हजर होतो, बशीत चहा ओतत.

हॉल रिकामा झाल्यावर एप्रिलचं पान काढलं.
'कर्जाचा ठराव सर्वानुमते मंजूर.' अक्षर माझं, वळणदार.
त्या दिवशी सभा झालीच नव्हती.
फोन आला होता:
वहिनी, तेवढं लिहून टाका.

माझ्या पिशवीत माझाही राजीनामा होता,
तारीख घालायची बाकी.
वाटलं होतं,
आज आपणही माजी होऊन जाऊ घरी, हलक्या हाताने,
वाटेत कंपूवरून मटार घेऊन.

भगीरथ कुशवाह कुलूप घेऊन दारात.
क्या तय हुआ, बाई?
म्हटलं, थांब जरा.
एप्रिलच्या समासात लिहिलं: ही सभा भरली नव्हती.
खाली सही. सहीखाली पद, चिटणीस.
त्याच्या मागे कुठलाही शब्द लावला नाही.

थंडीत शाई वाळेना.
तो किल्ल्या वाजवत उभा राहिला.